एका गोळीतील दोन औषधे



स्मृतिव्याख्यानासाठी औषधाच्या गोळीसारखा घरगुती विषय निवडला जावा, याचे काहींना नवल वाटण्याचा संभव आहे. परंतु भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज वर्तवला आणि गोव्यातील प्रौढांमध्ये हे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक, आढळले. हे आकडे ध्यानात घेतले तर या सभागृहाच्या प्रत्येक रांगेत रोज सकाळी न्याहारीच्या वेळी गोळ्यांची स्ट्रिप हातात घेणारे कोणी ना कोणी बसलेले असेल, असे मानायला हरकत नाही. जी गोष्ट इतक्या हातांत रोज असते तिच्याविषयी इतके कमी बोलले जाते, हेच या विषयाच्या निवडीचे समर्थन होय.

विषयाची मर्यादा प्रारंभीच स्पष्ट केलेली बरी. मधुमेहाच्या दोन मुख्य प्रकारांपैकी पहिल्यात स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशीच नष्ट होत असल्यामुळे तेथे इन्शुलिनच्या इंजेक्शनला पर्याय नसतो आणि कोणतीही गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. येथे विचार करावयाचा आहे तो दुसऱ्या प्रकाराचा, ज्यात इन्शुलिन तयार होते पण अपुरे पडते किंवा शरीर त्याला नीट दाद देत नाही, आणि ज्यात पोटात घ्यायच्या गोळ्या हा उपचाराचा मुख्य आधार असतो. त्यातही उदाहरण म्हणून एकच गोळी समोर ठेवावयाची आहे. ती म्हणजे ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन यांची जोडगोळी, जी आपल्याकडे फार मोठ्या प्रमाणावर लिहून दिली जाते. ही गोळी पुष्कळदा दोन थरांची असते, एक थर पांढरा आणि दुसरा रंगीत. ती एकच असली, एकाच घोटाबरोबर पोटात जात असली, तरी तिच्यात दोन वेगळ्या कुळांची, दोन वेगळ्या स्वभावांची औषधे आहेत. एकाचा धोका जेवण चुकले की डोके वर काढतो, तर दुसऱ्याचा धोका मूत्रपिंडे थकली किंवा अंगातले पाणी आटले की उभा राहतो.

म्हणूनच ‘शुगरची गोळी सुरक्षित असते का?’ या प्रश्नाला उत्तर देता येत नाही, कारण तो प्रश्नच अपुरा आहे. कोणते औषध, कोणाच्या शरीरात आणि कोणत्या दिवशी, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून सुरक्षिततेचा निर्णय होत नाही. या व्याख्यानाची मांडणीही याच तीन प्रश्नांच्या क्रमाने केली आहे.

पहिला प्रश्न, कोणते औषध?

ग्लिमेपिराइड हे सल्फोनिलयुरिया या कुळातले औषध. या कुळाचा शोध मधुमेहावर उपाय शोधताना लागलेला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, फ्रान्समधील माँपेलिये येथे मार्सेल जाँबाँ हे वैद्य विषमज्वराच्या रुग्णांना सल्फा वर्गातील एक नवे जंतुनाशक औषध देऊन पाहत होते, तेव्हा त्यांतील काही रुग्णांच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरल्याचे आढळले. त्यांचे सहकारी ऑग्युस्त लूबातिएर यांनी प्राण्यांवर प्रयोग करून हे औषध स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडावयास भाग पाडते असे दाखवून दिले, आणि १९५० च्या दशकाच्या मध्यापासून या कुळातील गोळ्या मधुमेहासाठी वापरात आल्या. अर्थात या औषधाची जगाला पहिली ओळख झाली ती त्याच्या धोक्यातून. तो धोका पुढे नाहीसा झाला का? नाही. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिपिझाइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिमेपिराइड अशा पुढच्या पिढ्या आल्या, मात्रा लहान झाल्या, तरी मूळ स्वभाव तोच राहिला. गोळी घेणाऱ्याने जेवण केले आहे की नाही याची वाट न पाहता हे औषध स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते.

मेटफॉर्मिनची कुळकथा वेगळी आहे. युरोपात गॅलेगा ऑफिसिनॅलिस नावाची एक रानवनस्पती जुन्या काळापासून औषधी म्हणून वापरली जात असे. तिच्यातील ग्वानिडिन वर्गाची द्रव्ये रक्तातील साखर उतरवतात हे विसाव्या शतकाच्या आरंभी लक्षात आले. त्याच वर्गाशी नाते असलेले मेटफॉर्मिन १९२२ साली डब्लिनमध्ये वर्नर आणि बेल या रसायनशास्त्रज्ञांनी तयार केले, परंतु इन्शुलिनच्या नुकत्याच लागलेल्या शोधाच्या झगमगाटात ते मागे पडले, आणि १९५७ मध्ये पॅरिसचे जाँ स्तेर्न यांनी ते रुग्णांसाठी वापरात आणले. त्याचेच भावंड असलेल्या फेनफॉर्मिनमुळे रक्तात लॅक्टिक आम्ल साचून मृत्यू ओढवू लागल्याने ते १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेसह अनेक देशांतून मागे घेण्यात आले. त्या बदनामीची छाया मेटफॉर्मिनवरही पडली आणि अमेरिकेत त्याला मान्यता मिळायला १९९४ ची अखेर उजाडली. यकृत हे साखरेचे कोठार मानले, तर मेटफॉर्मिन हे त्या कोठाराच्या दारावर बसून रात्रीबेरात्री विनाकारण बाहेर जाणारी साखर रोखते, असे म्हणता येईल. ते इन्शुलिनचा पाझर वाढवत नाही, म्हणून एकटे घेतले असता ते साखर सहसा फार खाली नेत नाही.

या दोन्ही औषधांची उपयुक्तता वादातीत आहे, हेही त्याच जोराने सांगितले पाहिजे. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या आणि १९९८ मध्ये निष्कर्ष जाहीर झालेल्या मोठ्या अभ्यासात सल्फोनिलयुरिया किंवा इन्शुलिन देऊन साखर काटेकोर नियंत्रणात ठेवलेल्या रुग्णांमध्ये डोळे, मूत्रपिंडे इत्यादींच्या बारीक रक्तवाहिन्यांचे विकार सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाले, आणि वजन अधिक असलेल्या रुग्णांमध्ये मेटफॉर्मिनने मधुमेहाशी निगडित मृत्यूही कमी केले. तेव्हा आजच्या विवेचनातून गोळीची धास्ती घेऊन कोणी घरी जाऊ नये. ज्याने धास्तीने गोळी सोडली त्याने एक धोका टाळण्यासाठी त्याहून मोठा धोका पत्करला, असा त्याचा हिशेब होतो.

आता या दोघांच्या पलीकडे आणखी कुळे आहेत, त्यांचा परामर्श धावता घेऊ. व्होग्लिबोज आणि अकार्बोज ही औषधे आतड्यात पिष्टमय पदार्थ व साखर यांचे विघटन मंदावतात. त्यांच्यामुळे पोटात वात धरतो. ग्लिप्टिन गटातील सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन ही जेवणानंतर आतड्यातून स्रवणाऱ्या संप्रेरकांचे आयुष्य वाढवतात आणि एकटी असताना साखर क्वचितच फार उतरवतात. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. हृदय आणि मूत्रपिंडे यांना त्यांचा मोठा लाभ दिसून आला आहे, पण जननेंद्रियाच्या जागी बुरशीचा संसर्ग, अंगातले पाणी कमी होणे आणि क्वचित साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात किटोन आम्ले साचणे, हे त्यांचे उपद्रव होत. पायोग्लिटाझोनमुळे पायांवर सूज येते व हृदय दुर्बल असलेल्यांना ते धोक्याचे ठरते. आपल्या देशात २०१३ च्या जूनमध्ये त्याची विक्री थांबवण्यात आली आणि जुलैमध्ये इशाऱ्याच्या अटीवर ती पुन्हा सुरू झाली. सेमाग्लुटाइडची गोळी तर उपाशीपोटी, अर्ध्या पेल्याहून अधिक नाही इतक्या साध्या पाण्याबरोबर आणि खाण्यापूर्वी किमान अर्धा तास घ्यावी लागते. ती न्याहारीबरोबर घेतली तर तिचा बराचसा अंश वाया जातो. सारांश, एका गोळीचा नियम दुसरीला लावता येत नाही. शेजाऱ्याला मानवलेली गोळी आपल्याला मानवेल, असे म्हणायला काय आधार उरतो?

‘कोणते औषध’ या प्रश्नाचे उत्तर रुग्णाला सहज मिळत नाही, याचे कारण आपल्या औषधबाजाराच्या रचनेत आहे. एकाच संयोगाच्या गोळ्या असंख्य कंपन्या असंख्य नावांनी विकतात. नावापुढे कुठे ‘एम’, कुठे ‘जी १’, ‘जी २’, कुठे ‘एसआर’, कुठे ‘फोर्ट’ अशी शेपटे लावलेली असतात, आणि एका अक्षराच्या फरकाने मात्रा दुप्पट किंवा औषधे दोनांची तीन होतात. रुग्णालयातून घरी सोडताना एका नावाची चिठ्ठी मिळते, घरात जुन्या नावाची स्ट्रिप शिल्लक असते, आणि दोन्हीत तीच दोन औषधे आहेत हे ठाऊक नसल्याने दोन्ही गोळ्या सुरू राहतात. मग भरल्या घरात, कोणाची चूक नसताना, दुप्पट मात्रा पोटात जाते. त्यावर उपाय अगदी साधा आहे. स्ट्रिपच्या मागे ठळक नावाखाली बारीक अक्षरांत औषधांची मूळ नावे आणि मिलिग्रॅममधील मात्रा छापलेली असते, ती वाचावी, वाचता येत नसेल तर नातवंडांकडून वाचून घ्यावी आणि कागदावर लिहून ठेवावी. औषधाच्या दुकानात पाच-सहा गोळ्यांपुरती स्ट्रिप कापून घेण्याची आपली सवय असते. त्या कापाकापीत नाव, मात्रा आणि वापराची अंतिम मुदत छापलेला नेमका तुकडा दुकानातच राहतो. तो तुकडा आपल्याकडे येईल, एवढे तरी पाहावे. जे आईवडील मुलांकडे परदेशी जातात त्यांच्या बाबतीत ही मूळ नावे अधिकच मोलाची ठरतात, कारण येथली व्यापारी नावे तेथल्या डॉक्टरांना ओळखीची नसतात.

आणखी एक गोष्ट या संदर्भात सांगावयास हवी. जोडगोळीतील मेटफॉर्मिनचा थर पुष्कळदा हळूहळू विरघळणारा केलेला असतो, आणि ‘एसआर’, ‘ईआर’ किंवा ‘प्रोलाँग्ड रिलीज’ ही अक्षरे तेच सांगतात. अशी गोळी चावली किंवा कुटून पाण्यात कालवली, तर दिवसभर पुरवून सोडायचे औषध एकदम सुटते. गिळण्याचा त्रास असेल तर गोळी कुटण्याऐवजी डॉक्टरांकडून प्रकार बदलून घ्यावा.

दुसरा प्रश्न, कोणाच्या शरीरात?

मेटफॉर्मिनचे शरीरात विघटन होत नाही. ते जसेच्या तसे मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. मूत्रपिंडे मंदावली की ते साचू लागते आणि अतिशय विरळ, परंतु जीवघेण्या अशा लॅक्टिक आम्लाच्या विकाराला वाट मिळते. आपल्याकडे मात्र समज नेमका उलटा आहे. ‘या गोळ्यांनी किडनी खराब होते’ असे सर्रास ऐकू येते आणि त्या भीतीने गोळी बंद केली जाते. वस्तुस्थिती अशी की मूत्रपिंडे बिघडवतात ती अनियंत्रित साखर आणि वाढलेला रक्तदाब. मेटफॉर्मिन ती बिघडवत नाही, पण ती बिघडलेली असतील तर मेटफॉर्मिनची मात्रा कमी करावी लागते किंवा ते थांबवावे लागते. हे ठरवण्यासाठी रक्ततपासणीच्या अहवालात ‘ईजीएफआर’ नावाचा एक आकडा दिलेला असतो, जो मूत्रपिंडांची रक्त गाळण्याची क्षमता दर्शवतो. हा आकडा ४५ च्या खाली असेल तर मेटफॉर्मिन नव्याने सुरू करत नाहीत आणि चालू असेल तर त्याचा व मात्रेचा फेरविचार करतात. तो ३० च्या खाली गेला तर ते वर्ज्य मानले जाते. ही तपासणी वर्षातून किमान एकदा, आणि क्षमता कमी झालेली असल्यास अधिक वेळा व्हायला हवी. आपल्यापैकी कितीजणांना आपला हा आकडा ठाऊक आहे?

मेटफॉर्मिनचा दुसरा, हळू चालणारा परिणाम म्हणजे ब १२ जीवनसत्त्वाची कमतरता. हे औषध दीर्घकाळ घेतल्यास त्या जीवनसत्त्वाचे शोषण घटते. महाराष्ट्रात या मुद्द्याला वेगळे महत्त्व आहे, कारण पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या संशोधनात येथील लोकांमध्ये, त्यातही शाकाहारी व शहरी मध्यमवर्गीयांमध्ये, ब १२ ची उणीव मुळातच मोठ्या प्रमाणावर आढळली आहे. आधीच उणे असलेल्या ठेव्यातून हे औषध आणखी घट करते. मग पायांना मुंग्या येतात, तळवे बधिर होतात आणि ‘मधुमेहाने नसा गेल्या’ असे समजून ते सहन केले जाते. मधुमेहानेही असे होतेच, पण ब १२ ची उणीव हे त्याचे भरून काढता येण्याजोगे कारण आहे आणि एका रक्तचाचणीने ते कळते. प्रारंभीच्या आठवड्यांत होणारी मळमळ आणि जुलाब हे त्या मानाने किरकोळ होत. जेवणासोबत ५०० मिलिग्रॅमपासून सुरुवात करून मात्रा सावकाश वाढवली की बहुतेकांना ते सोसते.

ग्लिमेपिराइडच्या बाबतीत शरीराचा प्रश्न वयाशी येऊन भिडतो. वृद्धांचे जेवण कमी आणि अनियमित असते, मूत्रपिंडे मंदावलेली असतात आणि साखर उतरल्याची लक्षणेही वेगळ्याच रूपात दिसतात. आजोबा अचानक असंबद्ध बोलू लागले, रोजची वाट चुकले किंवा विनाकारण चिडले, तर ते वयाच्या खात्यावर टाकले जाते, प्रत्यक्षात साखर ५० वर आलेली असते. म्हणूनच वृद्धांच्या बाबतीत साखरेच्या नियंत्रणाचे उद्दिष्टही सैल ठेवतात. ‘एचबीएवनसी’ म्हणजे मागील सुमारे तीन महिन्यांची साखरेची सरासरी सांगणारी चाचणी; तिचा आकडा बहुतेक प्रौढांत ७ टक्क्यांच्या खाली असावा असे मानले जाते, परंतु थकलेल्या, अनेक व्याधी असलेल्या वृद्धांत तो ८ च्या आसपास असला तरी चालवून घेतात. तेथे आकड्याच्या हट्टापेक्षा साखर एकाएकी न उतरणे महत्त्वाचे असते.

शरीरात आधीपासून आणखी कोणती औषधे आहेत, हाही याच प्रश्नाचा भाग आहे. बुरशीच्या संसर्गावरील फ्लुकोनॅझोल, मूत्रमार्गाच्या संसर्गावर दिले जाणारे कोट्रायमॉक्साझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिन ही औषधे सल्फोनिलयुरियाबरोबर घेतली असता साखर घसरू शकते, आणि गंमत अशी की हे संसर्ग मधुमेहींनाच अधिक होतात. रक्तदाबावरील काही औषधे छातीतील धडधड व हातांची थरथर झाकून टाकतात, त्यामुळे साखर उतरल्याचा इशाराच मिळत नाही. अशा वेळी फुटणारा घाम तेवढा साक्षीला उरतो. स्टेरॉइडने साखर भडकते. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडांवर ताण आणतात आणि त्याचा फटका मेटफॉर्मिनमार्गे बसतो. मद्य तर दोन्ही थरांशी वैर करते, कारण उपाशीपोटी ते साखर आणखी खाली नेते आणि लॅक्टिक आम्लाचा धोकाही वाढवते. ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बेनामी चूर्णांविषयीही सावध राहावे, कारण अशा चूर्णांत आधुनिक औषधांची भेसळ सापडल्याची उदाहरणे आहेत, आणि मग रुग्ण नकळत तीच गोळी दुसऱ्यांदा घेत असतो. गर्भधारणेचा विचार असलेल्या किंवा दिवस गेलेल्या स्त्रीने ही गोळी स्वतःहून चालूही ठेवू नये आणि बंदही करू नये, ताबडतोब डॉक्टरांना कळवावे. कारण या काळात बहुतेक गोळ्या बदलून इन्शुलिनचा आधार घ्यावा लागतो.

तिसरा प्रश्न, कोणत्या दिवशी?

हा प्रश्न सर्वात कमी विचारला जातो आणि अपघात बहुधा येथेच होतात. चिठ्ठी लिहिली जाते ती नेहमीच्या दिवसाला धरून, म्हणजे दोन वेळचे जेवण, न्याहारी, बेताचे चालणे आणि बरी प्रकृती. वर्षातले सगळे दिवस असे असतात का? श्रावण आहे, एकादशी आहे, नवरात्राचे नऊ दिवस आहेत, रमजानचा महिना आहे, घरातले लग्न आहे, परगावचा प्रवास आहे. त्या दिवशी जेवण बदलते आणि गोळी मात्र ठरल्या वेळी घेतली जाते. निर्जळी किंवा एकभुक्त उपवासात सकाळी घेतलेले ग्लिमेपिराइड दुपारपर्यंत साखर खाली ओढते. उलट साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, बटाटा आणि रताळी यांचा ‘उपवास’ असेल तर पिष्टमय पदार्थांच्या माऱ्याने ती वर जाते. त्यामुळे उपवासाला गोळी घ्यावी की नाही याला एकच उत्तर नाही. उपवास कोणता आणि त्यात काय खाणार, हे आधी डॉक्टरांना सांगून गोळीची वेळ व मात्रा ठरवून घेणे, हाच मार्ग आहे. रमजानच्या रोज्यांसाठी तर आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनही उपलब्ध आहे आणि ते सांगते की साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेल्यास रोजा सोडावा. हा नियम इतर उपवासांनाही लागू करायला कोणाच्या श्रद्धेची आडकाठी नसावी.

आषाढी वारीचा विचार येथे ओघानेच येतो. आळंदी-देहूहून पंढरपूरपर्यंतची सुमारे अडीचशे किलोमीटरांची पायी वाट चालताना स्नायू एरवीपेक्षा कितीतरी अधिक साखर वापरतात, जेवणाची पंगत कधी वेळेवर बसते तर कधी दोन तास उशिरा, आणि पावसाळ्यात जुलाबांची भीती असतेच. म्हणजे जोडगोळीतील दोन्ही औषधांचे धोके एकाच वाटेवर भेटतात. वारीला निघणाऱ्या मधुमेही वारकऱ्याने प्रस्थानापूर्वी मात्रा तपासून घ्यावी, गोळ्या मूळ स्ट्रिपसह पाणी न लागणाऱ्या पिशवीत ठेवाव्यात, ग्लुकोजची पुडी कमरेच्या पिशवीत असू द्यावी आणि आपल्याला मधुमेह आहे हे दिंडीतील दोघांना तरी सांगून ठेवावे.

आजारपणाच्या दिवसाचा नियम वेगळा. उलट्या, जुलाब किंवा ताप यांनी अंगातले पाणी कमी झाले आणि अन्नपाणी पोटात ठरेनासे झाले, तर मेटफॉर्मिन आणि लघवीवाटे साखर टाकणारी औषधे तात्पुरती थांबवावी लागतात, आणि ग्लिमेपिराइडची मात्राही जेवणाच्या मानाने बदलावी लागते. तथापि आजारपणात साखर वाढतेही, म्हणून सगळेच बंद करून स्वस्थ बसणे हेही उत्तर नव्हे. साखर मोजत राहावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. श्वास जोरजोराने चालणे, पोटात दुखणे, ग्लानी येणे ही लक्षणे दिसली तर घरी थांबू नये. शस्त्रक्रिया ठरली असेल तर लघवीवाटे साखर टाकणारी औषधे साधारण तीन दिवस आधी थांबवतात. शिरेतून रंगद्रव्य देऊन सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफी करावयाची असेल तेव्हा आपण मेटफॉर्मिन घेतो हे तेथे सांगितलेच पाहिजे, कारण मूत्रपिंडे कमजोर असल्यास ते थांबवून ४८ तासांनी तपासणी करून मगच पुन्हा सुरू करतात. आणि गोळी विसरल्याचा दिवस? त्या दिवशी पुढच्या वेळी दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत; ग्लिमेपिराइड तर जेवण समोर नसताना मुळीच घेऊ नये.

आता साखर उतरलीच तर काय करावे, हे प्रत्येक घरातील प्रत्येकाला पाठ हवे. दरदरून घाम, थरथर, धडधड, कडकडून भूक, डोळ्यांपुढे अंधारी, बोलणे अडखळणे, ही लक्षणे दिसताच शक्य असल्यास ग्लुकोमीटरवर साखर पाहावी. ती ७० च्या खाली असेल, किंवा मोजण्याची सोय नसेल तरीही, १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे, पाण्यात विरघळवून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे, साखर वर आली नसेल तर पुन्हा तेवढेच द्यावे आणि त्यानंतर भाकरी, पोळी किंवा भात असे काही खायला द्यावे. पेढा किंवा चॉकलेट यासाठी उपयोगाचे नाही, कारण त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. येथे एक बारकावा आहे. ज्यांच्या गोळीत ग्लिमेपिराइड व मेटफॉर्मिन यांच्या जोडीला व्होग्लिबोजही आहे, त्यांना घरातली साखर लवकर लागू पडत नाही, कारण तिचे विघटन त्याच औषधाने रोखलेले असते. त्यांना ग्लुकोजची पूडच द्यावी लागते. गोळीतील घटक माहीत असणे म्हणजे काय, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणार नाही. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता त्याला कुशीवर वळवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सल्फोनिलयुरियाने उतरलेली साखर एकदा वर येऊन काही तासांनी पुन्हा घसरू शकते, म्हणून असा रुग्ण शुद्धीवर आला तरी त्याला देखरेखीखाली ठेवणे आवश्यक असते. हीच गोळी निरोगी लहान मुलाच्या पोटात गेली तर एकसुद्धा घातक ठरू शकते. ती उघड्या बशीत किंवा उशीखाली ठेवण्याची वस्तू नव्हे.

ही सारी जबाबदारी रुग्णाच्याच माथी मारायची का? तसे केले तर तो अन्याय होईल. मधुमेहावरील बहुतेक गोळ्यांच्या वेष्टनावर डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विक्री करू नये असा इशारा छापलेला असतो. तो पाळण्याचे बंधन दुकानदारावर आहे, आणि पाच वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर आजही गोळ्या देणारा दुकानदार ते बंधन मोडतो. औषधाचे मूळ नाव सुवाच्य अक्षरांत लिहिणे आणि जेवण चुकल्यास काय करावे हे दोन वाक्यांत सांगणे डॉक्टरांच्या हाती आहे. नियामक यंत्रणेने २०१८ च्या सप्टेंबरमध्ये ज्या ३२८ संयुक्त औषधांवर बंदी घातली त्यांत मधुमेहावरील काही तिहेरी संयोगही होते. यावरून संयोग बाजारात आहे म्हणजे तो विवेकी आहे, असे मानता येत नाही हे उघड होते. किंमत हाही सुरक्षिततेचाच प्रश्न आहे, कारण परवडत नाही म्हणून दिवसाआड घेतलेली गोळी कोणाच्याच हिशेबात नसते. व्हिल्डाग्लिप्टिन, डापाग्लिफ्लोझिन आणि सिटाग्लिप्टिन यांची एकस्वे २०१९ ते २०२२ या काळात संपून त्यांचे भाव उतरले आहेत. तेव्हा साखर वारंवार फार खाली जाणाऱ्या रुग्णाने ‘याहून सुरक्षित आणि परवडणारे काही आहे का?’ असे डॉक्टरांना विचारण्यात संकोच बाळगू नये.

एवढ्या विवेचनाचा सारांश थोडक्यात असा. पोटात घ्यायची गोळी मधुमेहातून उद्भवणारे विकार कमी करते, हे सिद्ध झालेले आहे. तिचे धोके ठाऊक आहेत, मोजके आहेत आणि बहुतेक टाळता येण्याजोगे आहेत. ते टाळण्यासाठी गोळीतील औषध ओळखावे लागते, आपले वय, मूत्रपिंडे व इतर औषधे विचारात घ्यावी लागतात, आणि आजचा दिवस नेहमीसारखा आहे की नाही हे पाहावे लागते. साखर ताब्यात आली म्हणून गोळी सोडू नये, कारण ती गोळीमुळे ताब्यात आलेली असते. साखर वाढली म्हणून स्वतःहून गोळी वाढवू नये, कारण वाढीचे कारण संसर्गात, स्टेरॉइडमध्ये किंवा ताटातही असू शकते.

श्रोत्यांना शेवटी विनंती एवढीच की आज घरी गेल्यावर गोळ्यांचा डबा उघडावा आणि एका कागदावर पाच गोष्टी लिहाव्यात: प्रत्येक गोळीतील औषधांची मूळ नावे व मात्रा, ती घेण्याची वेळ आणि जेवणाशी तिचा संबंध, ईजीएफआरचा अलीकडचा आकडा व त्याची तारीख, चालू असलेली इतर सर्व औषधे, आणि डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक. यांतील जी जागा कोरी राहील, तेथूनच पुढच्या भेटीत डॉक्टरांशी बोलायला सुरुवात करावी.